टेस्टोस्टेरॉन आणि मन: सगळं खापर इंजेक्शनवर नको

ट्रान्स पुरुषाने, म्हणजे जन्मावेळी मुलगी मानल्या गेलेल्या पुरुषाने, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन सुरू केलं की त्याच्या मनाविषयी आजूबाजूच्या प्रत्येकाकडे मत तयार असतं. आई म्हणते, "इंजेक्शनं घ्यायला लागल्यापासून उलटं बोलतो." जिममधला मित्र पाठीवर थाप मारतो, "आता रडणं-बिडणं बंद, भावा!" तो स्वतः रात्र रात्र जागून इतरांचे टेस्टोस्टेरॉन घेण्याआधीचे आणि नंतरचे व्हिडिओ बघत असतो आणि पहिल्याच सुईनंतर मळभ हटेल असं धरून चाललेला असतो. तिघांचं म्हणणं वेगळं, समजूत मात्र एकच: यापुढे मनात जे काही होईल ते औषधामुळे. औषधाचा परिणाम, ते देण्याच्या पद्धतीचा परिणाम आणि घरादाराचा परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या काढल्या तर बरंच काही सुधारता येतं.

गैरसमज: टेस्टोस्टेरॉनमुळे माणूस हिंसक होतो

ही भीती बरीचशी शरीरसौष्ठवाच्या दुनियेतून आलेली आहे. तिथे काही जण उपचारापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा घेतात. ट्रान्स पुरुषाला औषध देताना डॉक्टरांचं उद्दिष्ट साधं असतं. रक्तातली पातळी प्रौढ पुरुषांच्या सर्वसामान्य मर्यादेत, म्हणजे ढोबळमानाने दर डेसिलिटरमागे ३०० ते १००० नॅनोग्रॅम राहावी. घरातल्या भावाच्या रक्तात असतं तेवढंच.

राग अजिबात वाढत नाही, असंही म्हणता येत नाही. इटलीतल्या एका अभ्यासात उपचाराच्या पहिल्या सात महिन्यांत ट्रान्स पुरुषांचा राग व्यक्त होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं; आक्रमक वागण्याच्या घटना मात्र नोंदल्या गेल्या नाहीत. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि राग यांचा संबंधच आढळला नाही. त्यात एक बारकावा होता. तीन महिने होऊनही ज्यांची पाळी थांबली नव्हती, त्यांचा राग इतरांपेक्षा जास्त वाढला होता. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. पाळी थांबेल या एका आशेवर महिने काढलेल्या माणसाला पुन्हा डाग दिसले, तर तो चिडणार नाही तर काय? पाळी बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत थांबते. थांबली नाही तर डॉक्टर मात्रा तपासतात किंवा वेगळं औषध जोडतात. म्हणजे या रागावर उपाय आहे, आणि तो टेस्टोस्टेरॉन बंद करणं हा नाही. (पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, हाही गैरसमजच. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही.)

आणि हेही सांगायला हवं: इंजेक्शन घेतलंय म्हणून घरच्यांवर खेकसण्याची मुभा कुठल्याही डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेली नसते.

गैरसमज: मूड उतरला की डोस कमी पडतोय, जास्त घेतला की बरं वाटेल

यातलं अर्धं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्याकडे पुष्कळांना २५० मिलिग्रॅमचं तेलकट इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी मिळतं. त्यातल्या 'सस्टॅनॉन' या चार घटकांच्या मिश्रणाचं उदाहरण घ्या. इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत रक्तातली पातळी शिगेला पोहोचते, कधी सामान्य मर्यादेच्याही वर जाते. मग ती उतरत जाते आणि साधारण २१ दिवसांत मर्यादेच्या खालच्या टोकाला येते. पहिल्या आठवड्यात अंगात वारं भरल्यासारखा उत्साह, झोप कमी, भूक मोठी. शेवटच्या आठवड्यात थकवा, चिडचिड, उगाच उदास. हा झोपाळा स्वभावाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

त्यावर स्वतःच मात्रा वाढवली तर झोका आणखी मोठा होतो. वर, जादा टेस्टोस्टेरॉनपैकी काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि रक्तातल्या लाल पेशी वाढून रक्त दाट होतं. म्हणून तर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी सांगतात. खरा उपाय मात्रा विभागून देणं हा आहे: कमी मात्रा, कमी अंतराने. किंवा रोज त्वचेला लावायचं जेल. किंवा १००० मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट हे इंजेक्शन, जे सुरुवातीचे डोस झाल्यावर १० ते १४ आठवड्यांनी घ्यावं लागतं आणि ज्याची पातळी बरीच समतल राहते. खर्चाचं गणित वेगळं असतं हे खरं, पण पर्याय आहेत हे पेशंटला माहीत तरी हवं. "महिन्याचे शेवटचे आठ दिवस माझे वाईट जातात," एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं तरी वेळापत्रक बदलण्यावर बोलणं सुरू होतं. ते न सांगता जिममधल्या ओळखीतून किंवा चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून औषध उचलणारे मात्र बरेच भेटतात.

गैरसमज: भावना मरतात, रडू येत नाही

रडू पूर्वीइतकं सहज येत नाही, असं अनेक ट्रान्स पुरुष सांगतात. गळा दाटतो, डोळे कोरडे राहतात. काहींना याची सुटका वाटते, काहींना ते जड जातं, कारण रडून मोकळं होण्याची वाट बंद होते आणि दुसरी अजून सापडलेली नसते. काहींच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. वर्षानुवर्षं स्वतःला बधिर करून जगलेल्या माणसाला शरीर आपलंसं वाटू लागल्यावर प्रथमच मोकळेपणी हसू येतं, जुनं दुःखही वर येतं. वाट बदलते, भावना जागेवरच असतात.

शिवाय हे सगळं चालू असताना तो दुसऱ्यांदा वयात येत असतो. चेहऱ्यावर पुरळ, घामाचा बदललेला वास, फुटणारा आवाज, वाढलेली कामेच्छा. मिसरूड फुटायला अनेकदा सहा महिने ते वर्ष लागतं, भरघोस दाढीला चार-पाच वर्षंही. चौदाव्या वर्षी मुलाला हे होतं तेव्हा घरचे "वयच आहे" म्हणून सोडून देतात. अठ्ठाविसाव्या वर्षी तेच होतं तेव्हा ऑफिसची मीटिंग असते आणि कुणी काहीच सोडून देत नाही.

गैरसमज: मन आधीच अस्थिर असेल तर हे औषध ते आणखी बिघडवतं

२०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथल्या संशोधकांनी ६४ जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन लगेच दिलं, निम्म्यांना तीन महिने थांबवलं. लगेच औषध मिळालेल्यांमध्ये शरीराविषयीची घुसमट, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार स्पष्टपणे कमी झाले. चाचणी लहान आणि तीन महिन्यांचीच होती, हे लक्षात ठेवू. तरी दिशा स्वच्छ आहे. नैराश्य आहे एवढ्यावरून उपचार नाकारणं योग्य नाही. बायपोलर आजार असेल तर मात्र तो लपवू नये. जास्त पातळीमुळे उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो, आणि मनोविकारतज्ज्ञ व हॉर्मोनतज्ज्ञ दोघांनी मिळून मात्रा ठरवावी लागते.

औषध नैराश्याचा भार हलका करू शकतं. घरमालक, आधार कार्डावरचं नाव, लग्नाच्या पंगतीतल्या नजरा यांच्यावर त्याची मात्रा चालत नाही. मायकेल डिलन या इंग्रज माणसाची हकीकत इथे आठवते. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं आणि १९३९ च्या सुमारास डिलन ते घेऊ लागला. हे औषध घेणारा तो पहिला ज्ञात ट्रान्स पुरुष. त्याला सल्ल्यासाठी ज्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं होतं, त्यानेच त्याचं गुपित चारचौघांत फोडलं. डिलनला नोकरी सोडून ब्रिस्टॉलला पळावं लागलं, तिथे तो एका गॅरेजमध्ये राबला. पुढे तो डॉक्टर झाला. १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी पुन्हा त्याला उघडं पाडलं, तेव्हा तो भारतात आला, बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ मध्ये डलहौसीत वारला. दोन्ही वेळा त्याला परागंदा केलं ते माणसांनी, औषधाने नव्हे.

माणसांचा हा संशय नोकरी देतानाही आड येतो. भारतातल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मात्र २०२२ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सजेंडर वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीसाठी सूचना काढल्या. हॉर्मोन घेणं हे स्वतःहून अपात्रतेचं कारण नाही, असं त्यांत म्हटलं आहे. फक्त सुरुवातीला मात्रा स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. जो माणूस विमान चालवू शकतो, त्याच्या हाती दुकानाचा गल्ला किंवा शाळेचा वर्ग द्यायला आपण का कचरतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

टेस्टोस्टेरॉन सुरू करणाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी: इंजेक्शनची तारीख, झोप, चिडचिड, आणि त्या दिवशी घरी-बाहेर काय घडलं ते. दोन-तीन महिन्यांत वेळापत्रकाचा दोष कोणता आणि घरातल्या भांडणाचा कोणता, हे कागदावर दिसू लागतं. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी. घरच्यांनी तो चिडला की "आज सुई घेतलीस का?" असं विचारण्याआधी काय झालं ते विचारावं. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या इंजेक्शनपर्यंत वाट बघू नका, औषध मनाने बंदही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास चालू असते आणि मोफत आहे.