सहा पॉइंट आठ

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा कापसाचा भाव सांगावा तसा सांगितला जात होता. सहा पॉइंट आठ. सांगणारे कधी रुग्ण स्वतः, कधी त्यांची बायको, कधी बारावीतला पुतण्या. दर्यापूरकडचे शेतकरी, वय एकसष्ट, डाव्या मूत्रपिंडात 6.8 सेंटिमीटरची गाठ. ऐकणाऱ्याला यात समाधानाचं काय ते कळत नसे. मग पुतण्या खुलासा करी: गाठ सात सेंटिमीटरपर्यंत असली आणि किडनीबाहेर पसरलेली नसली, तर पहिला टप्पा. सातच्या वर गेली की दुसरा. "दोन पॉइंटानं वाचलो म्हना," काकाजी म्हणत, आणि समोरचाही मान हलवी.

मी तिथे काकाजींसाठी गेलो नव्हतो. गेलो होतो एका टेबलासाठी. मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या भावाचं असंच ऑपरेशन झालं होतं. तो बोलता बोलता म्हणाला, "ऑपरेशन डॉक्टरनं केलं, पन आमाले दवाखान्यात टिकवलं त्या टेबलावरच्या पोरीनं." डॉक्टरांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. टेबलाचं कौतुक करणारा पहिल्यांदाच भेटला. ती पोरगी दिवसभर नेमकं करते काय, ते बघावं म्हणून अमरावतीच्या त्या रुग्णालयात परवानगी काढून समोरच्या बाकावर बसलो.

ती आरोग्यमित्र. जन आरोग्य योजनेचा फलक, एक संगणक, एक स्कॅनर, आणि टेबलाच्या कडेला पाण्याची बाटली; ती बाटली दुपारपर्यंत उघडलीच जात नाही. येणारा माणूस आजाराची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागतो. ती ऐकून घेते, पण हात रेशनकार्डाकडे गेलेला असतो. रेशनकार्डावर 'ज्ञानदेव', आधारवर 'ज्ञानेश्वर', सातबाऱ्यावर तिसरंच काही, माणूस एकच. "काकाजी, हे नाव कोनी लिहिलं?" "मास्तरनं." मास्तरानं पन्नास वर्षांपूर्वी केलेली चूक आज ऑपरेशन अडवू शकते, हे तिला पाठ असतं. सीटी स्कॅनचा अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाचा फोटो असं सगळं चढवून मंजुरी मागायची; वरून शंका आली की पुन्हा कागद. "क्वेरी आली" हे शब्द तिथल्या नातेवाइकांच्या तोंडीही बसलेत. लघवीतून रक्त गेल्याचं जितक्या घाबऱ्या आवाजात सांगतात, तितक्याच घाबऱ्या आवाजात ते म्हणतात, "ताई, क्वेरी आली म्हन्ते."

ही योजना वऱ्हाडाला नवी नाही. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती पहिल्या टप्प्यात ज्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. अकोला 2013 च्या नोव्हेंबरात आला. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या 14 जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही तिचा लाभ देण्यात आला. सरकारला या मुलखाची आठवण यायला काय काय व्हावं लागलं, ते त्या एका तरतुदीत लिहिलेलं आहे. आता मर्यादा 5 लाखांची आहे आणि कार्डाचा रंग आड येत नाही. आड येतो तो त्याआधीचा खर्च. आजाराला नाव मिळाल्यावर योजना धावून येते. नाव मिळेपर्यंतची सोनोग्राफी, सीटी, गाडीभाडं, दोन-तीन डॉक्टरांची फी हे बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून भरलेलं असतं. काकाजींनी त्यासाठी सोयाबीन भाव नसताना विकलं.

त्यांची सोनोग्राफी अकोल्यात झाली होती, तीही मुतखड्याच्या संशयानं. कंबर दुखत होती. इकडे कंबर दुखली की माणूस आधी खडाच धरतो. खडा निघाला नाही, गाठ निघाली. मूत्रपिंडाचा कर्करोग असाच सापडतो बऱ्याचदा, दुसरंच काही शोधताना. तो लवकर दुखत नाही, लवकर बोलत नाही. लघवीत न दुखता रक्त दिसलं तर ती खूण, पण ते एकदा दिसून थांबलं की लोक विसरतात. काकाजींना पेरणीच्या दिवसांत एकदा लाल दिसलं होतं. "उन्हाचं असंन म्हटलं."

मग सुरू झाली कारणांची चर्चा. बाकावर बसून मी ती रोज ऐकली. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी मचूळ, बोअरचं त्याहून. किडनीच्या कुठल्याही दुखण्याला तिथे एकच उत्तर असतं: पाणी. खारं पाणी पिऊन किडन्या निकामी झाल्याची तक्रार या गावांमधून वर्षानुवर्षं होते आहे आणि गावोगावी डायलिसिसवरची माणसं दिसतात, म्हणून ते उत्तर कुणी तपासून बघत नाही. पण हा आजार वेगळा. तंबाखूचं धूम्रपान, लठ्ठपणा, बरीच वर्षं वाढलेला रक्तदाब ही याची ओळखीची कारणं. बायकांपेक्षा पुरुषांना तो साधारण दुपटीनं होतो. काकाजी तीस वर्षं बिड्या ओढत होते. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी लगेच पाण्याचा विषय काढला.

डायलिसिसवरची ती माणसं काकाजींच्या डोक्यातून जात नव्हती. किडनी काढली म्हणजे आठवड्यातून दोनदा सुया, असा त्यांचा ठाम समज होता. गाठ मधोमध होती, त्यामुळे तेवढाच भाग कापून उरलेली किडनी वाचवणं जमणार नव्हतं, पूर्ण काढायची. डॉक्टर म्हणाले, एक पुरते. काकाजी हो म्हणाले. बाहेर येऊन पुतण्याला म्हणाले, "डॉक्टरले का जाते म्हनाले."

एक पुरते का, हा प्रश्न साधा नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुस्टाव सिमॉन नावाच्या शल्यविशारदालाही तो पडला होता. त्यानं आधी कुत्र्यांची एकेक किडनी काढून ते जगतात हे पाहिलं आणि 2 ऑगस्ट 1869 ला एका बाईची एक किडनी काढली. बाई जगली. ठरवून केलेलं तसलं ते पहिलं यशस्वी ऑपरेशन मानतात. ही गोष्ट मी काकाजींना सांगून पाहिली. त्यांनी ती सौजन्यानं ऐकली. कुत्रे आणि जर्मनी दोन्ही त्यांच्या कामाचे नव्हते.

कामाची गोष्ट आरोग्यमित्रानं केली. तिच्या ड्यूटीच्या कागदात ती कुठे लिहिलेली नसणार. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सगळे नुसतं 'सुपर' म्हणतात, किडनी प्रत्यारोपणं होतात. तिच्या शेजारच्या एका बाईनं तिथे आपल्या मुलाला किडनी दिली आहे. बाई सांगून ठेवते, कोणी घाबरलं असलं तर लाव फोन. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कोन्ती काढून राहिले तुमची?" पलीकडून पहिलाच प्रश्न.

"डावी."

"माहीबी डावीच घेतली. हिवाळ्यात टाका ओढते थोडा. बाकी मले आठोनबी राहात नाई. काल गहू दळून आनला, इस किलो." मग आवाज जरा चढला. "पन भाऊ, पाठ दुखली की मेडिकलवरून गोया आनून खायाच्या नाई. तेवढं मांगं लागलं तं लागलं."

काकाजी काही वेळ फोनकडे बघत राहिले. "इस किलो?" त्यांनी बायकोला विचारलं, जणू तिनं ऐकलंच नसावं. त्या दिवसापासून सहा पॉइंट आठच्या जोडीला वीस किलोचा आकडा सुरू झाला.

मला मात्र हे थोडं खटकलं होतं. दाता होणारी बाई दहा तपासण्यांतून पार होते. तिची दुसरी किडनी धडधाकट आहे याची खात्री झाल्यावरच पहिली घेतात. काकाजींचा रक्तदाब जुना. दोघांचं गणित एक नाही. मी हे आरोग्यमित्राला बाजूला घेऊन बोललो. तिनं शांतपणे फाइल उघडून किडन्यांचं काम ठीक असल्याचं सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा दाखवला, 1.1, आणि म्हणाली, "सर, डॉक्टरांना विचारूनच लावला मी फोन. सगळ्यांना नाही लावत." आणि पुढचं रेशनकार्ड ओढलं. ती कंत्राटी आहे. मानधनवाढीसाठी आरोग्यमित्रांनी राज्यात आंदोलनं केली, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या रुग्णांच्या गैरसोयीच्या. गैरसोय होते, तर एरवी सोय कोण करतं, हा प्रश्न बातमीत नव्हता. रुग्णालयांमधून मानसिक आधार, समुपदेशन असे फलक हल्ली बरेच लागलेत. त्या फलकांखाली बसलेलं माणूस मला क्वचित दिसलं.

काकाजींच्या घरातला एक गट मुंबईच्या टाटाला न्या म्हणत होता. अमरावतीहून संध्याकाळची अंबा एक्स्प्रेस, सकाळी दादर. वऱ्हाडातून कॅन्सरसाठी मुंबईला जाणाऱ्यांची ही ठरलेली गाडी, आणि उतरल्यावर ठरलेलं ठिकाण दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. शेंडगावला जन्मलेला, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेला हा माणूस. आजारी माणसासोबत येणाऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे मुंबईला त्यानं जे.जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी करून दाखवलं. आधाराबद्दल वऱ्हाडानं जगाला सांगितलेली याहून ठोस गोष्ट मला माहीत नाही. बाबा स्वतः गेले ते 20 डिसेंबर 1956 ला, आजारी असताना अमरावतीकडे नेताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी. दर्यापूरहून अमरावतीला येणारा रुग्ण आजही त्याच वाटेनं वलगाव ओलांडतो. काकाजींच्या बायकोनं तिथे बसमधून हात जोडले होते. आणि टाटाचा वाद तिनंच मिटवला: "तिकडं गेलो तं रक्त द्याले कोन येईन?" दोन बाटल्यांची सोय ठेवायला सांगितलं होतं. गावातली सहा पोरं आली. दोघांचं घेतलं. उरलेली चौघं उगाच हिरमुसली.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस तीन गोळ्यांच्या यंत्रात गेले. प्लास्टिकचे तीन कप्पे, प्रत्येकात एक गोळी, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा म्हणजे गोळ्या वर चढतात. सगळेच आधी फुंकतात. काकाजीही फुंकले. बरगड्यांखाली कापल्यावर दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही आणि छातीत कफ साचतो; त्याची ही आधीची तालीम. तीस वर्षांच्या बिड्यांनी तिसरी गोळी काही हलेना. पुतण्यानं मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवलं. शेवटी तिसरी हलली तेव्हा वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरून टाळी आली.

ऑपरेशन तीन तासांचं. दुसऱ्या दिवशी उभं केलं, तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारापर्यंत चालवलं, नळ्या एकेक करून निघाल्या.

मग अहवालाची वाट. या आजारात बहुधा आधी तुकडा काढून तपासत नाहीत. गाठीचं खरं नाव काढलेल्या किडनीच्या तपासणीतूनच ठरतं. तेवढे दिवस बायको दर सकाळी टेबलाशी येऊन उभी राही. विचारायची काही नाही. आरोग्यमित्र मान वर न करता म्हणे, "नाही आला, काकू. चहा घेतला का?" भेटायला येणारे विचारत, किमो कधी? या कर्करोगावर किमोचा फारसा उपयोग होत नाही, हे कुणालाच पटत नसे. किमो नाही म्हणजे हात टेकले, असा अर्थ निघे. आजार पसरलेला असला तर वेगळी औषधं असतात, महाग असतात, आणि त्याबद्दल काकूंनी एकदाच विचारलं, नवरा झोपलेला असताना.

अहवाल आला. क्लिअर सेल, गाठ किडनीतच, कडा स्वच्छ. मोजलेली लांबी थोडी वेगळी भरली, साडेसहा. "सहा पॉइंट आठच धरा," काकाजी म्हणाले. "तेच सांगतलं सगळ्याइले." सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. तो योजनेत बसेल का, हे त्यांनी निघताना विचारलं. तिनं वहीत लिहून घेतलं, विचारून फोन करते म्हणाली.

बसस्टँडवर पुतण्यानं पिशव्या धरल्या होत्या. काकाजींना सहा आठवडे वजन उचलायची मनाई. दर्यापूरच्या गाडीत कंडक्टर आला. काकूंचं अर्धं तिकीट, बायकांना 2023 पासून तसंच आहे. काकाजींना पासष्ट व्हायला अजून चार वर्षं. त्यांनी सदरा वर करून पट्टी दाखवली. "अर्धा माल इथंच ठेवून चाललो, बावा. अर्धंच फाड."

कंडक्टरनं पट्टीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"पूरं फाडा," काकू म्हणाल्या.