वृद्धाश्रमाच्या दारी लस

वृद्धाश्रमांस धान्य, वस्त्रे आणि सणावारी मिष्टान्न देणारे दाते आपल्या व्यापारी वर्गात पुष्कळ आहेत. त्याच आश्रमातील वृद्धांस लस टोचविण्याची व्यवस्था करणारा दाता मात्र क्वचितच आढळतो. याचे कारण कृपणता नव्हे. बालकांस लस आणि वृद्धांस औषध, अशी वाटणी आपल्या मनात फार दिवसांपासून बसलेली आहे. वास्तविक वय वाढते तशी शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. इन्फ्लुएन्झा, न्युमोनिया आणि नागीण हे विकार उतारवयातच अधिक छळतात. त्यातून आश्रमात एक पंगत, एक निजण्याची खोली आणि सर्वांची शुश्रूषा करणारे तेच सेवक. एकास आलेला साथीचा ताप दुसऱ्यापर्यंत पोहोचावयास विलंब लागत नाही.

लस हवी त्याने लसीपाशी जावे, की लसीने त्याच्यापाशी यावे, हा या विषयातील खरा प्रश्न होय. आपल्या बडोदे प्रांतापुरते बोलावयाचे तर त्याचे एक उत्तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच मिळालेले आहे. इ. स. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्यानजीकच्या उंडेरा गावी प्लेगची साथ चालू असता डॉ. हाफकिन हे आपली लस घेऊन स्वतः त्या गावी गेले. गावकऱ्यांस कुटुंबवार एकत्र करून प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचण्यात आली. काही आठवड्यांनी, ज्या घरांत प्लेग शिरला होता त्यांचा हिशेब घेतला गेला. लस टोचलेल्या ७१ माणसांपैकी ३ दगावली होती. त्याच घरांतील न टोचलेल्या ६४ पैकी २६. लसीचा गुण या आकड्यांत दिसतोच. पण लस दारात आली म्हणून ते ७१ जण ती घेऊ शकले, हेही विसरू नये.

कोविडच्या साथीत हाच धडा आपणांस पुन्हा गिरवावा लागला. साठ वर्षांवरील नागरिकांस लस देण्यास १ मार्च २०२१ रोजी प्रारंभ झाला, परंतु केंद्रापर्यंत जाणे ज्याचे त्याच्याकडे राहिले. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांसाठी घरी लस द्यावी, असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात झाला, तेव्हा केंद्र सरकारने अडचणी मांडल्या: लस वाया जाईल, शीतपेटी वारंवार उघडावी लागेल, टोचल्यानंतर अर्धा तास देखरेख कोण करील? पुढे २७ मे २०२१ रोजी ‘घराजवळील लसीकरण केंद्रां’ची योजना निघाली व त्यांत वृद्धाश्रमांचाही विचार झाला. मुंबईत खिळलेल्या रुग्णांस घरी लस देण्यास जुलैअखेर सुरुवात झाली. ओळखपत्र नसलेल्यांसाठी त्याच वर्षीच्या मे महिन्यात जे नियम झाले, त्यांत वृद्धाश्रमवासीयांबरोबर साधुसंतांचाही उल्लेख होता. विहार करणाऱ्या मुनिमहाराजांजवळ आधारपत्र व भ्रमणध्वनी कोठून असणार?

सरकारने मांडलेल्या अडचणी खोट्या नव्हत्या. कोविशील्डच्या एका कुपीत १० मात्रा असत आणि कुपी उघडल्यावर ती ४ तासांत संपवावी लागे. एका वृद्धासाठी कुपी उघडणे म्हणजे शेरभर गव्हाच्या गिऱ्हाइकासाठी पावसात अख्खे पोते फोडणे होय. परंतु वृद्धाश्रम हे किरकोळ गिऱ्हाईक नव्हे. तीस-चाळीस माणसे एका छपराखाली आहेत. एक डॉक्टर, एक परिचारिका व एक शीतपेटी एवढ्यात अर्ध्या दिवसाचे काम आटोपते, आणि देखरेखीचा अर्धा तास सर्वांचा एकदमच सरतो. ज्या हिशेबाने घरोघर जाणे महाग पडते, त्याच हिशेबाने आश्रमात जाणे स्वस्त पडते. हे घाऊक व्यापाऱ्यास समजावून सांगावयास नको.

आता कोविडची घाई राहिलेली नाही. पण वर उल्लेखिलेल्या तीन विकारांच्या लसी वृद्धांस सरसकट विनामूल्य देणारी राष्ट्रीय योजना अद्याप नाही. सत्तर वर्षांवरील सर्वांस २०२४ पासून आयुष्मान योजनेचा लाभ मिळू लागला, तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चाचा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात शासकीय रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. ज्यास उभेच राहवत नाही त्याने त्या रांगेचे काय करावे? तेव्हा लस विकत घेणे आले, आणि येथे आपल्या मंडळाचे काम सुरू होते.

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण त्याचे विषाणू पालटतात व त्याप्रमाणे लसही पालटते. म्हणून खरेदी करताना ती चालू हंगामाची आहे ना, हे वेष्टनावर पाहावे. ती २ ते ८ अंश उष्णतामानात ठेवावयाची असते. उन्हाने ती बिघडते हे सर्व जाणतात. गोठल्यानेही बिघडते हे पुष्कळांस ठाऊक नसते, आणि मग ती बर्फास चिकटवून आणली जाते. शिबिर पावसाळ्यापूर्वी व्हावे. पर्युषणातील उपवासांत ते ठेवू नये. कोणास कोणती लस चालेल हे डॉक्टरांनी प्रत्येकास तपासून ठरवावे, आणि संमती व्यवस्थापकाची न घेता त्या वृद्धाची स्वतःची घ्यावी.

आपल्या समाजात एक प्रश्न हटकून विचारला जाईल. इन्फ्लुएन्झाच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यात वाढविलेल्या विषाणूंपासून होतात, हे खरे आहे. अंड्यावाचून केलेल्या लसीही जगात आहेत. ही गोष्ट लपवून कोणास लस टोचू नये. खरे ते सांगावे, डॉक्टरांकडून पर्याय विचारून घ्यावा व निर्णय ज्याचा त्यास करू द्यावा.

नागिणीची नवी लस महाग आहे आणि तिची दुसरी मात्रा २ ते ६ महिन्यांनी द्यावी लागते. अर्धवट सोडलेल्या लसीचा पैसा पुरता फळत नाही. यास्तव पहिल्याच दिवशी दुसऱ्या फेरीची तारीख आश्रमाच्या भिंतीवर आणि तिचा खर्च मंडळाच्या खातेवहीत लिहून ठेवावा.