नावामागचं नाव : अक्विला

मागच्या आठवड्यात ‘कॉर्व्हस’ म्हणजे कावळा, आणि आकाशातलं त्याचं घर म्हणजे आपलं हस्त नक्षत्र, इथवर आलो होतो. आता गरुड. लॅटिनमध्ये तो अक्विला. अमरावतीच्या राजापेठेत हा शब्द कुणाच्या कानावर पडला तर आधी अकोलाच आठवणार. पण त्या दोघांचा काडीचाही संबंध नाही. मुलींचं अकीला हे नावही निराळं. ते अरबी, अर्थ शहाणी.

गरुडाला अक्विला का म्हणायचं, याची उत्तरं जुन्या पंडितांनी हौसेनं दिली आहेत. सातव्या शतकातला सेव्हिलचा बिशप इसिडोर म्हणतो, नजर तीक्ष्ण म्हणून. आपल्याकडेही तोच प्रकार. महाभारताच्या आदिपर्वात गरुड हत्ती-कासव पंजात आणि वालखिल्य ऋषी लटकलेली फांदी चोचीत धरून उडतो; एवढा गुरु भार पेलला म्हणून तो गरुड. व्याकरणवाल्यांनी त्याच नावात गिळण्याचा धातू शोधला. या गोष्टी ऐकायला झकास, पण नाव आधीचं आणि गोष्ट मागाहून चिकटवलेली, हे उघड आहे. आजच्या अभ्यासकांपैकी अनेकजण ‘अक्विलस’ म्हणजे काळपट या विशेषणाकडे बोट दाखवतात. काहींच्या मते उलट, पक्ष्यावरून रंगाला नाव पडलं. मला पहिलं पटतं. पाखराचा आधी डोळ्यात भरतो तो रंग. त्याची नजर किती तीक्ष्ण, हे ठरवायला बसायला वेळ कुणाला?

रोमनांनी हा पक्षी काठीवर बसवला. रोमन लेखक प्लिनी लिहितो की पूर्वी त्यांच्या फौजेपुढे गरुडाबरोबर लांडगा, घोडा, रानडुक्कर अशीही निशाणं असत. इ.स.पू. १०४ मध्ये सेनापती मारियसनं बाकीची बाद केली आणि एकटा गरुड ठेवला. तेव्हापासून अक्विला म्हणजे पलटणीचं निशाण, आणि ते वाहणारा अक्विलिफर. ते शत्रूच्या हाती पडणं म्हणजे नाक कापलं जाणं. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हेच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅसस मारला गेला आणि गरुड इराणच्या पार्थियन लोकांनी नेले. सम्राट ऑगस्टसनं ते इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटी करून परत मिळवले आणि त्याचा केवढा गाजावाजा केला! व्हॅटिकनमधल्या त्याच्या पुतळ्याच्या चिलखतावर, अगदी छातीच्या मधोमध, निशाण परत करणारा पार्थियन कोरलेला आहे. न लढता मिळवलेल्या विजयाची इतकी जाहिरात क्वचितच कुणी केली असेल.

काठीवरचा गरुड आपल्याला परका नाही. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाशेजारी गरुडध्वज उभा असतो. त्याच घराण्यातली प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विदर्भात वाकाटकांची सून होऊन आली आणि नवरा गेल्यावर मुलांच्या नावानं तिनं राज्य चालवलं. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याचा ताम्रपट आपल्याच जिल्ह्यात, अचलपूरजवळच्या चमक गावी सापडला. त्यात गावाचं नाव चर्मांक आहे. पुढे राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड आला, देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावरही.

आता खरा पक्षी. फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ ब्रिसोननं १७६० मध्ये अक्विला हे एका प्रजातीचं शास्त्रीय नाव केलं. त्यातले काही गरुड विदर्भातही दिसतात. पण मेळघाटात डोक्यावर शीळ घालत घिरट्या घेणारा सर्पगरुड मात्र अक्विला नव्हे. त्याचं शास्त्रीय नाव स्पिलॉर्निस चीला, आणि त्यातलं ‘चीला’ सरळ हिंदीतल्या चील म्हणजे घारीवरून घेतलेलं. लॅटिनच्या पंगतीत चीलही जेवून गेली म्हणायची! आपले लोक तर गरुड असो की ससाणा, सरसकट घारच म्हणतात.

राहिला तारा. अक्विला हा तारकासमूह म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र. मधला ठळक तारा अल्तायर. हे नाव अरबी, ‘उडता गरुड’ या शब्दांतलं ‘उडता’ तेवढं उरलेलं. तो जेमतेम १७ प्रकाशवर्षांवर आहे आणि स्वतःभोवती इतका गरगरतो की मधोमध फुगून चपटा झालाय. सूर्याला एका फेरीला सुमारे २५ दिवस लागतात, याला दहा तासही पुरे. दोन बाजूंच्या ताऱ्यांची नावं फारसीतल्या ‘शाहीन तराजू’वरून आली: तराझेद आणि अल्शाइन. यातला तराजू तोच, आपल्या बाजारातला! तीन तारे एका ओळीत पाहून इराण्यांना काट्याची दांडी दिसली. आपल्या पुराणिकांना वामनाची तीन पावलं. श्रवणाची देवता विष्णू आणि विष्णूचं वाहन गरुड, हा मेळ मात्र योगायोगाचाच दिसतो.

श्रावणात श्रवण पाहायचं म्हटलं तर ढग आडवे येतात. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला निघाल तेव्हा, संध्याकाळी सात-साडेसातला, डोक्यावरून किंचित दक्षिणेकडे बघा. रोषणाईतही अल्तायर दिसतो. बाजूच्या दोघांसाठी वडाळी तलावाकडे, थोडं अंधारात जावं लागेल. अल्तायरच्या वायव्येला, जरा खाली, आणखी तेजस्वी तारा दिसेल तो अभिजित. अरबांच्या लेखी तोही गरुडच, पण पंख मिटून झेपावणारा. त्याच्यावर पुढच्या आठवड्यात.