तिजोरी आधी मोजा, मग उचला

दुकानाची रोकड घरी ठेवायला ३०० किलोची तिजोरी घेताय? थांबा. चार माणसांच्या लिफ्टची क्षमता २७२ किलो, म्हणजे तिजोरी एकटीच जड होते. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. दोन बाय दोन फुटांची तिजोरी तिथे चौपट दाब देते. म्हणून शक्यतो तळमजला निवडा. वर न्यायचीच असेल, तर आधी इंजिनिअरला विचारा, आणि खोलीच्या मधोमध नको, कॉलमजवळच्या कोपऱ्यात ठेवा. सरकवताना फरशीवर प्लायवूड, त्यावर लोखंडी पाइप. जिन्यात तिजोरीच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. हमाली वाचवायला माणूस पणाला लावू नका!