फोन नेमका कधी मंदावतो?

खिशातलं यंत्र : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण प्रोसेसरची रचना पाहिली. जाहिरातीतले आठ कोर एकसारखे नसतात. काही ताकदीचे असतात, काही काटकसरीचे. ब्रिटनच्या ‘आर्म’ कंपनीने २०११मध्ये ‘बिग.लिटल’ या नावाने ही पद्धत जाहीर केली आणि पुढे ती सर्रास झाली. मेसेज वाचताना काटकसरीचे कोर भागवून नेतात, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की ताकदीचे कोर कामाला लागतात. एवढी तजवीज असूनही दोन-तीन वर्षांत फोन का रखडू लागतो, हा आजचा विषय.

‘प्रोसेसर जुना झाला’ हे यावरचं नेहमीचं उत्तर आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. आपण फोन वापरतो तेवढ्या वर्षांत चिप झिजून हळू होत नाही. एक तर फोनची यंत्रणाच तिचा वेग उतरवते, नाहीतर चिप दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत खोळंबलेली असते. कारण शोधायचं असेल तर फोन कधी मंदावतो, ती वेळ आधी पकडा.

तापल्यावर

मे महिन्यातली नागपूरची किंवा अकोल्याची दुपार. पारा पंचेचाळीसच्या आसपास. दुचाकीच्या हँडलवर होल्डरमध्ये फोन अडकवलेला, नकाशा सुरू, ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस आणि डेटा चालू, शिवाय पॉवर बँकेची वायर जोडलेली. थोड्याच वेळात नकाशा थबकत थबकत सरकू लागतो, वळण मागे पडल्यावर ‘उजवीकडे वळा’ ऐकू येतं आणि स्क्रीन आपोआप अंधूक होते.

इथे काहीही बिघडलेलं नाही. बहुतेक फोनना पंखा नसतो. चिपची उष्णता मागच्या पृष्ठभागातून आणि कडांमधून बाहेर पडते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती जाणार कुठे? ॲपल आपले आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगते, विदर्भातला उन्हाळा त्याच्या कितीतरी पुढे जातो. ठरलेली मर्यादा ओलांडली की फोन स्वतःहून प्रोसेसरचा वेग उतरवतो. याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. वेग जास्त हवा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच वेग थोडासा उतरवला तरी उष्णता बरीच कमी होते.

खात्री करायची असेल तर तेच काम पहाटे, फोन थंड असताना करून पाहा. तेव्हा सुरळीत चालत असेल तर दोष उष्णतेचा. फोन सावलीत न्या, जाड कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, ब्राइटनेस उतरवा. फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नका. आत दव धरतं आणि ते सर्किटपर्यंत पोचू शकतं.

चार्जिंग उतरल्यावर

सकाळी ठीक चालणारा फोन संध्याकाळी बॅटरी वीस टक्क्यांवर आली की रखडतो का? आधी ‘बॅटरी सेव्हर’ आपोआप सुरू होतो का ते तपासा. तो वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरला आवर घालतो. तो बंद असूनही फोन रखडत असेल तर संशय बॅटरीच्या वयावर घ्यायचा.

लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिच्यात वीज कमी मावते, शिवाय तिचा अंतर्गत रोधही वाढतो. गच्चीवरची टाकी भरलेली असावी, पण पाइपात क्षार साचल्यामुळे नळाला धार बारीक यावी, तसं होतं. ताकदीचे कोर एकदम वीज मागतात, बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. हे टाळायला काही फोन वेगच आवरून धरतात.

हे जगासमोर आलं ते डिसेंबर २०१७मध्ये. आयफोन ६एसची बॅटरी बदलली आणि त्याचा वेग परत आला, असं एका वापरकर्त्याने इंटरनेटवर लिहिलं. ‘गीकबेंच’ ही वेगचाचणी बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी मग आपल्याकडच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विशिष्ट सॉफ्टवेअर अपडेटनंतर अनेक फोनचा वेग घटल्याचं दिसलं. जुन्या बॅटरीचे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपणच वेग आवरतो, हे ॲपलने मान्य केलं, माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरच्या बॅटरी बदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. २०२०मध्ये फ्रान्सने ग्राहकांना ही माहिती दिली नाही म्हणून कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

फोन वाचवण्यासाठी वेग कमी करणं समजण्यासारखं आहे. पण वापरणाऱ्याला ते न सांगणं अन्यायाचं आहे, कारण कितीतरी लोकांनी केवळ बॅटरी बदलून भागलं असतं तिथे नवा फोन घेतला असणार. आता आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसते, काही अँड्रॉइड फोनही ती दाखवतात. आकडा ऐंशी टक्क्यांखाली गेला असेल तर नव्या फोनच्या किमती पाहण्याआधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा.

सदासर्वकाळ

फोन थंड आहे, चार्जिंग भरपूर आहे, तरीही रखडतो. अशा वेळी प्रोसेसर बहुधा कशासाठी तरी खोळंबलेला असतो. फोटो काढल्यावर तो सेव्ह व्हायला वेळ लागत असेल तर स्टोरेज पाहा. फ्लॅश मेमरीत नवं लिहिण्याआधी जुना मजकूर ब्लॉकच्या ब्लॉक पुसावा लागतो. मोकळी जागा उरली नाही की हलवाहलव वाढते आणि सगळंच अडकतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’मधलं ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. पाच एमबीहून मोठ्या आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइल्स तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. शुभप्रभाताचे व्हिडिओ सापडतील ते इथेच.

बँकेच्या ॲपमधून ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलात आणि परत येईपर्यंत ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर रॅम अपुरी पडते आहे. जागा करण्यासाठी अँड्रॉइड मागची ॲप्स बंद करतं. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स हाताने सरकवून बंद करण्याची सवय इथे कामी येत नाही. तीच ॲप्स पुन्हा शून्यातून उघडताना प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. वापरात नसलेली ॲप्स काढून टाकणं हा खरा उपाय. ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ नावाच्या ॲप्सच्या वाटेला जाऊ नका, तीही मागे चालत राहून रॅम खातात.

एखाद्या ॲपवर संशय असेल तर ‘सेफ मोड’ वापरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘पॉवर ऑफ’चा पर्याय दाबून धरला की तो मिळतो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. फोन तिथे चपळ वाटला तर दोषी ॲप तुमच्याच यादीत आहे. अलीकडे टाकलेल्यांपासून एकेक काढत या.

अपडेटनंतर

अपडेट झाल्यावर एक-दोन दिवस फोन जड वाटतो, तेव्हा घाई नको. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून ॲप्सचा बराचसा कोड फोन चार्जिंगला लावून स्वस्थ ठेवलेला असताना नव्याने घडवला जातो. रात्रभर फोन चार्जिंगला राहू द्या. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी आणि तोही फोटो, कॉन्टॅक्ट्स यांचा बॅकअप घेतल्यावरच.

दुरुस्तीच्या दुकानात गेलात तर ‘फोन स्लो झालाय’ एवढ्यावर थांबू नका. ‘उन्हात नकाशा लावला की अडकतो’ किंवा ‘बॅटरी वीस टक्क्यांवर आली की रखडतो’ असं सांगा. नेमकी तक्रार ऐकली की कारागिराला नेमका भाग तपासता येतो आणि नको तो खर्च तुमच्या गळ्यात पडत नाही.

(पुढील आठवड्यात : बॅटरी बदलताना काय पाहावं?)