पोर्टफोलिओ म्हणजे संग्रहालय नव्हे

पंधरा वर्षे व्यवसाय केलेल्या आर्किटेक्टच्या पोर्टफोलिओतही महाविद्यालयातले प्रकल्प असावेत, त्याशिवाय त्याची वाटचाल कळत नाही, हा पहिला गैरसमज. वाटचाल जपणे मोलाचेच आहे, पण त्याची जागा निराळी. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत, युरोपीय चित्रांच्या अनुकृती आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. तिथे अनुकृतीलाही मान मिळतो, कारण संग्रहालयात माणूस पाहायला आणि शिकायला जातो. पोर्टफोलिओ उघडणाऱ्याला मात्र निर्णय घ्यायचा असतो : आपले घर, शाळा किंवा दवाखाना या माणसाच्या हाती सोपवावा का? या प्रश्नाला उपयोगी न पडणारे प्रत्येक पान उरलेल्या पानांचे वजन कमी करते.

दुसरा गैरसमज असा की विद्यार्थिदशेतले काम म्हणजे अस्सल प्रतिभा, कारण तिथे मालकाची आडकाठी नसते. खरे तर तिथे आडकाठीच नसल्यामुळे बरेच काही तपासायचे राहून जाते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला ज्युरीचे प्रश्न झेलावे लागतात. नगरपालिकेची मंजुरी, ठेकेदाराचे दर आणि पहिल्या पावसातली गळती यांच्याशी त्याची गाठ पडत नाही. कायदाही हा फरक मानतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार नुसत्या पदवीवर नव्हे, तर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्यावरच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. नव्या पदवीधराकडे दाखवायला दुसरे काही नसते, म्हणून त्याने ते काम जरूर दाखवावे. अनुभवी माणसाने तेच पुढे केले, तर मधल्या वर्षांत काय झाले, अशी शंका येते.

यावर मोठ्या नावांचे दाखले दिले जातात. माया लिन येल विद्यापीठात शिकत असतानाच १९८१ साली तिची व्हिएतनाम स्मारकाची कल्पना स्पर्धेत निवडली गेली. पण ते स्मारक पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये प्रत्यक्ष उभे राहिले, म्हणजे ते कागदावरचे काम उरलेच नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९५५ साली एमआयटीत प्रबंध म्हणून शेजारवस्तीवर चित्रफीत केली. तीन दशकांनी नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी सात-सात घरे एकेका सामाईक अंगणाभोवती रचली. तिथे त्या जुन्या विषयाचा धागा दिसतो, पण त्या चित्रफितीकडे आपण वळतो ते बेलापूर उभे राहिले म्हणून.

एक आक्षेप रास्त आहे : मोठ्या कार्यालयात राबलेल्यांकडे स्वतःचे म्हणावे असे थोडेच असते. त्यावर उपाय जुन्या प्रकल्पांची भर हा नसून आपल्या वाट्याचे काम नेमके सांगणे हा आहे. कार्यालयाचे नाव द्यावे, आणि कामाचे नकाशे आपण काढले की साइटवरची देखरेख केली, हे स्पष्ट लिहावे.

तेव्हा पाच-सात वर्षांचा अनुभव झाला की महाविद्यालयातली पाने काढावीत. एखादा प्रकल्प आजच्या कामाचे मूळ असेल, तर साल आणि ‘विद्यार्थी प्रकल्प’ असा स्पष्ट उल्लेख करून एकच पान ठेवावे. बाकीचे फेकू नये. घरी नीट जपावे.