उताराचा हिशेब

भुयारी रेल्वेच्या नियोजनाची चर्चा बहुधा बोगद्याभोवती फिरते. प्रत्यक्षात मार्गाची आखणी अनेकदा रॅम्पपाशी, म्हणजे रूळ भुयारात उतरवणाऱ्या उतारापाशी, अडते. जमिनीखाली मार्ग वळवता येतो, खोल नेता येतो. रॅम्पला मात्र उघडी जागाच लागते आणि दाट वस्तीत तीच मिळत नाही.

हलकी रेल्वे, म्हणजे रस्त्यावरूनही धावणारी आधुनिक ट्राम, शंभर मीटरमागे सहा मीटर उतरते असे धरले, तर सात मीटर खोली गाठण्यास सुमारे ११७ मीटर लागतात. मेट्रोसाठी चार मीटरची मर्यादा पाळल्यास तेच अंतर १७५ मीटर होते. उताराच्या दोन्ही टोकांना गाडीला हिसका बसू नये म्हणून रुळांना उभी गोलाई द्यावी लागते, तिची लांबी वेगळीच. शिवाय यंत्राने खोदलेल्या बोगद्यावर साधारण त्याच्या व्यासाइतका मातीचा वा खडकाचा थर राखण्याचा ढोबळ नियम असल्याने, उघडा चर आणि यंत्राचा बोगदा यांच्यामध्ये वरून खणून छत घातलेला टप्पा बांधावा लागतो. उघड्या चराच्या लांबीभर रस्ता ओलांडता येत नाही, त्यामुळे कोणत्या गल्लीचे तोंड बंद होईल आणि दुकानांचा माल कुठून उतरेल, हे नकाशावर नव्हे, त्या रस्त्यावर चालूनच पाहिले पाहिजे.

जर्मनीतील कार्ल्सरूह शहरात मुख्य बाजारपेठेच्या कैसरश्ट्रासेवरील ट्रामगाड्यांची रांग भुयारात नेण्याचा प्रस्ताव १९९६ च्या सार्वमतात नाकारला गेला, २००२ मध्ये सुधारित योजनेला कौल मिळाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये भुयारातून गाड्या धावू लागल्या. 'टी' अक्षरासारख्या या बोगद्याला तीन टोके असल्याने रॅम्पही तीन बांधावे लागले. ऱ्हाइनच्या खोऱ्यातील वाळू-खडीत भूजल वर असते. अशा जमिनीत रॅम्पचा काँक्रीटचा चर पाण्यात ठेवलेल्या रिकाम्या घंगाळासारखा वर उचलला जाऊ पाहतो, म्हणून त्याचा तळ जाड व जड करावा लागतो किंवा खाली खांब गाडून तो जखडावा लागतो. पावसाचे पाणी उताराने थेट बोगद्याकडे धावते, ते अडवण्यासाठी पायथ्याशी हौद आणि पंप ठेवणे अपरिहार्यच असते.

पुण्याची मेट्रो हलकी रेल्वे नसली तरी हिशेब तोच आहे. पिंपरी-चिंचवडकडून खांबांवरून येणारा मार्ग कृषी महाविद्यालयाच्या मोकळ्या आवारात जमिनीखाली शिरतो, जिल्हा न्यायालयाच्या सुमारे ३३ मीटर खोल स्थानकातून मुठेच्या पात्राखालून जातो आणि पेठांखालून स्वारगेट गाठतो. आवारातील त्या जागेमुळे रॅम्पसाठी पेठेतला एकही रस्ता द्यावा लागला नाही, ही या आखणीची सर्वांत मोलाची बाजू होय. स्वारगेटचे स्थानकही भुयारातच असल्याने या मार्गावर भुयारात शिरणारा रॅम्प एकच आहे.